चक्कर, डोकेदुखी आणि मान: दोष खरोखर मानेचा आहे का, हे तपासणीत कसे ठरते

मान आखडलेली असते, डोके दुखत असते आणि मधूनच चक्करही येते, अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाचा आपल्याकडे पुष्कळदा सर्वांत आधी मानेचा एक्स-रे काढला जातो. त्यात मणक्यांची झीज दिसली, किंवा ‘दोन मणक्यांमधली गॅप कमी झाली आहे’ असे अहवालात आले, की शोध तिथेच थांबतो. गळ्यात पट्टा येतो, चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या महिनोन्महिने चालू राहतात आणि काही दिवसांनी तो माणूस मान वळवायलाच भिऊ लागतो. या निदानात काही वेळा तथ्य असते. परंतु पुष्कळ वेळा खरे कारण कानात, रक्तदाबात किंवा मायग्रेनमध्ये असते, आणि मान केवळ शेजारी असल्यामुळे आरोपी ठरते.

इथे दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे सारखी नाहीत. मानेतून उगम पावणारी डोकेदुखी ही वैद्यकशास्त्राने मान्य केलेली, निकष ठरलेली गोष्ट आहे. मानेतून उगम पावणारी चक्कर मात्र आजही वादाचा विषय आहे, आणि तिचे निदान इतर सर्व कारणे तपासून बाजूला केल्यावरच करायचे असते.

एक्स-रे आणि एमआरआयवर इतका भरवसा का ठेवता येत नाही, हे आधी पाहू. जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १२११ निरोगी माणसांच्या मानेचे एमआरआय काढण्यात आले आणि तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८७.६ टक्के लोकांच्या मानेत कुठली ना कुठली चकती फुगलेली आढळली. विशीतल्या तरुण-तरुणींमध्येही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होते. म्हणजे पन्नाशीतल्या कोणाही माणसाच्या एक्स-रेमध्ये झीज दिसणे हे केस पांढरे दिसण्याइतकेच स्वाभाविक आहे. तिच्यावरून चक्कर कशामुळे आली हे सांगता येत नाही. अपघातानंतरची दुखापत, संसर्ग, गाठ किंवा मज्जारज्जूवर आलेला दाब यांची शंका असेल तेव्हा मात्र या चित्रांना पर्याय नाही.

मान आणि डोके वेगळे कसे करायचे

या तपासणीतली मुख्य अडचण अशी की मान हलवायची तर डोके हलल्यावाचून राहत नाही, आणि तोल सांभाळणारे इंद्रिय डोक्यातच, कानाच्या आतल्या भागात आहे. त्यामुळे ‘वर पाहिले की गरगरते’ या वाक्यातून दोष मानेचा की कानाचा, हे कळत नाही. चक्करेची चांगली तपासणी म्हणजे बऱ्याच अंशी या दोघांना एकमेकांपासून वेगळे करण्याची युक्ती असते.

सुरुवात अर्थात बोलण्यातून होते. ‘चक्कर म्हणजे नेमके काय होते?’ हा प्रश्न डॉक्टर पूर्वीपासून विचारत आले आहेत आणि आजही विचारतात. परंतु तोच रुग्ण थोड्या वेळाने तीच चक्कर वेगळ्या शब्दांत सांगतो, असे अनुभवाला आल्यामुळे आता जास्त भर तीन गोष्टींवर असतो: चक्कर किती वेळ टिकते, कशाने सुरू होते, आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात कसे वाटते. अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद खोली फिरत असेल तर विचार एका दिशेने जातो; बसलेले उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर दुसऱ्या दिशेने; आणि कित्येक तास गरगरत राहून प्रकाश व आवाज नकोसा होत असेल तर तिसऱ्याच. चक्करेबरोबर ऐकू कमी येते का, कानात आवाज येतो का, हेही विचारले जाते, कारण मानेच्या दोषामुळे ऐकण्यावर परिणाम होत नाही.

यांपैकी पहिला प्रकार सर्वांत जास्त वेळा मानेच्या खात्यावर जमा होतो, म्हणून त्याच्याकडे जरा बारकाईने पाहू. आतल्या कानाच्या एका भागात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण असतात. ते आपल्या जागेवरून सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की डोक्याची दिशा बदलताच नलिकेतला द्रव हलतो आणि डोके फिरत नसतानाही ते फिरत असल्याचा निरोप मेंदूला जातो. या विकाराला बीपीपीव्ही म्हणतात. उशीवर डोके टेकताना, कूस बदलताना, दोरीवर कपडे वाळत घालताना किंवा माळ्यावरचा डबा काढायला वर पाहताना त्याचा झटका येतो. या प्रत्येक हालचालीत मानही वाकते, म्हणून रुग्णाला मानेचाच संशय येतो. झटक्याच्या भीतीने तो मान ताठ धरून वावरू लागतो, त्यामुळे मान खरोखरच दुखू लागते, आणि मानेच्या निदानाला आणखी एक पुरावा मिळाल्यासारखे होते.

त्याची तपासणी टेबलावर दोन मिनिटांत होते. लंडनमधील मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये ती वर्णन केली. रुग्णाला टेबलावर पाय लांब करून बसवतात, त्याचे डोके एका बाजूला ४५ अंश वळवतात आणि तसेच धरून त्याला झटकन मागे आडवे करतात, जेणेकरून डोके टेबलाच्या कडेबाहेर साधारण २० अंश खाली झुकलेले राहील. डोळे उघडेच ठेवायचे असतात, कारण उत्तर डोळ्यांत मिळते. पहिले काही सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळे थरथरल्यासारखी हलू लागतात. त्यांची झेप वरच्या दिशेने असते आणि त्याच वेळी ती खालच्या कानाकडे पीळ खातात. रुग्ण टेबलाची कड घट्ट पकडतो. हा जोर वाढतो, ओसरतो आणि साधारण एका मिनिटाच्या आत थांबतो. असे दिसले तर दोष कानाचा आहे आणि कोणत्या बाजूच्या कानाचा आहे, हेही ठरते. मग त्याच टेबलावर डोके ठरावीक क्रमाने फिरवून ते कण नलिकेबाहेर काढता येतात. अमेरिकेतील जॉन एप्ली यांच्या नावाने ही कृती ओळखली जाते, आणि अनेकांना पहिल्याच वेळी आराम पडतो. वर्षभर गळ्यात पट्टा वागवलेल्या माणसाची चक्कर अशी दहा मिनिटांत गेली, तर त्यात चमत्कार काही नाही. ही तपासणी कोणी केलेलीच नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांची मान फार आखडलेली आहे त्यांच्यात मान मागे न झुकवता, अंग एका कुशीवर टाकूनही हीच चाचणी करता येते.

उभे राहिल्यावर येणाऱ्या चक्करेसाठी लागते ते फक्त रक्तदाबाचे यंत्र आणि थोडा वेळ. रुग्णाला पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब मोजतात, मग उभे करून तीन मिनिटांपर्यंत पुन्हा मोजतात. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर कारण सापडण्याची शक्यता मोठी असते. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्यांची यादी अशा वेळी एक्स-रेपेक्षा अधिक बोलकी ठरते.

मायग्रेनची चक्कर ओळखणे मात्र अवघड असते, कारण ती डोकेदुखीशिवायही येऊ शकते. तिचे निकष २०१२ मध्ये ठरवण्यात आले: मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचे किमान पाच झटके, प्रत्येक झटका ५ मिनिटे ते ७२ तासांचा, आधीपासून मायग्रेनचा इतिहास, आणि निदान निम्म्या झटक्यांत मायग्रेनची डोकेदुखी, प्रकाश व आवाज सहन न होणे किंवा डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा यांपैकी काहीतरी. मायग्रेनमध्ये मान दुखणे ही तर अगदी सर्रास आढळणारी गोष्ट आहे; २०१० च्या एका अभ्यासात झटक्याच्या वेळी मळमळ होण्यापेक्षा मान दुखण्याचेच प्रमाण अधिक आढळले. म्हणून मान दुखते आणि चक्करही येते, अशा जोडीमागे मानेपेक्षा मायग्रेनचा विचार आधी व्हायला हवा.

थांबायचे कुठे

मानेला हात लावण्यापूर्वी काही धोक्याच्या खुणा नाहीत ना, याची खात्री करावीच लागते. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात. त्यांपैकी एखादीचे आतले अस्तर फाटले, तर सुरुवातीला केवळ मानेच्या मागे एका बाजूला दुखते आणि डोके दुखते. पक्षाघाताची लक्षणे काही तासांनी किंवा दिवसांनीही येऊ शकतात. हे तरुण वयातही होते. ‘असे दुखणे यापूर्वी कधीच झाले नव्हते’ हे रुग्णाचे वाक्य त्यामुळे फार महत्त्वाचे ठरते, विशेषतः अलीकडे मानेला हिसका बसला असेल तर. त्याच्या जोडीला एका वस्तूच्या दोन दिसणे, बोलणे अडखळणे, गिळताना त्रास, चेहरा किंवा अंग बधिर होणे, चालताना एका बाजूला झोकांडी जाणे किंवा अचानक पाय गळून पडणे यांपैकी काहीही असेल, तर तो रुग्ण फिजिओथेरपीच्या टेबलावर नव्हे, तातडीच्या विभागात हवा. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान दोन्हीकडे झटक्याने वळवून कडकन आवाज काढून घेण्याची आपल्याकडची हौस या दृष्टीने सोडलेली बरी. मानेला असा झटका दिल्यानंतर धमनी फाटल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत.

‘मानेतली नस दबून मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून चक्कर येते’ हे स्पष्टीकरण मात्र आपण जितक्या वेळा ऐकतो तितके ते खरे नसते. दोन्ही धमन्या वर जाऊन एकमेकींना मिळतात, त्यामुळे मान वळवल्यावर एकीतला प्रवाह कमी झाला तरी दुसरी सहसा भरपाई करते. मान वळवताच धमनी खरोखर दाबली जाऊन लक्षणे दिसण्याचा विकार अस्तित्वात आहे, पण तो अतिशय दुर्मीळ आहे. पूर्वी धमन्या तपासण्यासाठी मान मागे नेऊन वळवून धरण्याची चाचणी करत असत. तिच्यात दोष असलेली माणसेही सुटून जातात, म्हणून तिच्यावर विसंबणे आता मागे पडले आहे.

चक्कर तासन्‌तास, अखंड चालू असेल आणि बुबुळे आपोआप हलत असतील, तर प्रशिक्षित डॉक्टर डोळ्यांच्या तीन चाचण्या करतात. त्यांपैकी एकीत रुग्णाला समोर नजर रोखायला सांगून डोके अचानक थोडेसे वळवले जाते. आतल्या कानाची नस आजारी असेल तर नजर निसटते आणि क्षणभराने परत येते. इथे उलटा न्याय लागतो: अखंड गरगरत असतानाही ही चाचणी अगदी नॉर्मल आली, तर कानाऐवजी मेंदूतल्या पक्षाघाताची शंका घ्यावी लागते. तज्ज्ञाच्या हातून झालेल्या या तीन चाचण्या सुरुवातीच्या तासांत काढलेल्या एमआरआयपेक्षाही पक्षाघात अधिक खात्रीने पकडतात, असे २००९ च्या एका अभ्यासात दिसून आले.

हाताची बोटे बोथट झाल्यासारखी वाटणे, शर्टाची बटणे लावता न येणे आणि चाल अडखळणे ही मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणे असू शकतात. डोकेदुखीच्या बाबतीत क्षणार्धात शिगेला पोहोचणारी वेदना, तापाबरोबर ताठलेली मान, आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, त्यातही घास चावताना जबडा दुखत असेल तर, यांपैकी काहीही मानेवर ढकलून मोकळे होता येत नाही.

मानेची चक्कर: संशय, पुरावा आणि त्यांतले अंतर

इतके सगळे बाजूला केल्यावर मानेची पाळी येते. मानेमुळे चक्कर येण्याची कल्पना मुळात निराधार नाही. कवटीच्या खाली, मानेच्या अगदी वरच्या टोकाला जे छोटे स्नायू आहेत, त्यांच्यात ताण ओळखणारे संवेदक दाटीने असतात. डोके धडाच्या संदर्भात कोठे आहे, याची खबर ते मेंदूला सतत देत राहतात, आणि मेंदू ती डोळ्यांच्या व कानाच्या खबरीशी जुळवून पाहतो. दुखापत, वेदना किंवा दीर्घकाळचा आखडलेपणा यांमुळे मानेकडून चुकीची खबर गेली, तर तिन्ही जुळत नाहीत आणि तोल गेल्यासारखे वाटते. १९७० च्या दशकातल्या प्रयोगांत मानेच्या या भागात भूल देणारे इंजेक्शन दिल्यावर माणसांना चालताना झोकांड्या जाणवल्या होत्या. अपघातात मानेला मागे-पुढे जोराचा हिसका बसलेल्यांमध्येही ही तक्रार नेहमी आढळते.

या वर्णनात बसणाऱ्या चक्करेत खोली सहसा गरगर फिरत नाही. अधांतरी, डळमळीत वाटत राहते, ते मानेच्या दुखण्याबरोबर वाढते आणि त्याच्याबरोबरच कमी होते. तिचा छडा लावण्यासाठी जी चाचणी करतात, तिच्यात वर सांगितलेली युक्ती उलटी वापरलेली असते. रुग्णाला फिरत्या स्टुलावर बसवून तपासणारा त्याचे डोके दोन्ही हातांनी स्थिर धरतो आणि रुग्णाला खालचे धड एका बाजूला फिरवायला सांगतो. डोके न हलल्यामुळे कानाला काहीच कळत नाही, पीळ फक्त मानेला पडतो. याच स्थितीत अर्धा मिनिट थांबल्यावर चक्कर आली, आणि डोके व धड एकत्र फिरवल्यावर ती आली नाही, तर मानेवरचा संशय बळावतो.

दुसऱ्या एका चाचणीत डोक्यावर लेझरचा छोटा दिवा बांधून रुग्णाला भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर बसवतात. डोळे मिटून त्याने मान एका बाजूला वळवायची आणि मनानेच पुन्हा मध्यावर आणायची असते. दिव्याचा ठिपका मूळ खुणेपासून साधारण सात सेंटिमीटरपेक्षा जास्त, म्हणजे साडेचार अंशांपेक्षा जास्त चुकला, तर मानेची स्थितीची जाण बिघडली आहे असे धरतात.

या चाचण्या उपयोगी आहेत, तरी त्यांपैकी एकही निर्णायक नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. निरोगी माणसांतही त्या कधीकधी सदोष येतात. तोलाच्या विकारांवर काम करणाऱ्या बाराणी सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ मध्ये या विषयावर आपली भूमिका मांडली, तेव्हा मानेतून येणारी चक्कर हा स्वतंत्र आजार मानण्याजोगा पुरावा अद्याप नाही, असाच त्या मांडणीचा रोख होता. माझ्या मते व्यवहारात यातून निघणारी शिस्त साधी आहे: मान दुखत असेल तर तिच्यावर उपचार जरूर करावेत, मात्र कान, रक्तदाब आणि मायग्रेन तपासल्याची नोंद केसपेपरवर नसेल, तर ‘मानेची चक्कर’ हे शब्द त्या कागदावर लिहू नयेत.

डोकेदुखीच्या बाबतीत जमीन अधिक भक्कम

मान दुखते तर कपाळ का ठणकते, याला शरीररचनेत नेमके उत्तर आहे. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या जोड्या आणि चेहऱ्याची संवेदना वाहणारा मज्जातंतू यांचे निरोप मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच पेशीसमूहात पोहोचतात. तिथून पुढे मेंदूला वेदनेचा उगम नेमका ओळखता येत नाही, आणि हृदयविकारात जसा डावा हात दुखतो, तशी मानेतली वेदना डोळ्यामागे किंवा कपाळावर जाणवते. नॉर्वेतील न्यूरॉलॉजिस्ट ओटार स्यास्टॅड यांनी १९८३ मध्ये या डोकेदुखीचे स्वतंत्र वर्णन केले. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ च्या आवृत्तीनुसार मानेत वेदना निर्माण करू शकणारा दोष तर दिसावाच लागतो, शिवाय चार गोष्टींपैकी किमान दोन सिद्ध व्हाव्या लागतात: मानेचा त्रास आणि डोकेदुखी यांच्या सुरुवातीचा काळ जुळणे; मान सुधारल्यावर डोकेदुखीही सुधारणे; मानेची हालचाल कमी झालेली असून मानेच्या विशिष्ट हालचालींनी डोकेदुखी वाढणे; आणि मानेतल्या संबंधित सांध्याला किंवा मज्जातंतूला भूल दिल्यावर डोकेदुखी थांबणे.

ही डोकेदुखी बहुधा एकाच बाजूची असते आणि बाजू बदलत नाही. मानेच्या मागून सुरू होऊन पुढे सरकते. मायग्रेनची बाजू बदलू शकते, ती ठणकते, जिना चढल्याने वाढते आणि मळमळ घेऊन येते. अर्थात ओपीडीत दोन्हींची सरमिसळ असलेले रुग्ण रोज भेटतात, म्हणून हाताने तपासणे आवश्यक ठरते.

त्यातली सर्वांत उपयोगी चाचणी करायला कोणतेही यंत्र लागत नाही. रुग्णाला उताणे झोपवून त्याची हनुवटी छातीकडे पूर्ण झुकवतात. असे केल्याने मानेच्या खालच्या सांध्यांची वळण्याची मुभा जवळपास संपते आणि पहिल्या व दुसऱ्या मणक्यांमधला सांधा तेवढा मोकळा राहतो. मान वळवण्याच्या एकूण हालचालीपैकी निम्मी हालचाल त्याच सांध्यात होते. मग डोके डावीकडे आणि उजवीकडे वळवून पाहतात. निरोगी माणसात ते प्रत्येक बाजूला सुमारे ४४ अंश वळते. दुखऱ्या बाजूला ते ३२ अंशांच्या आतच अडकले आणि त्याच वेळी ओळखीची डोकेदुखी उमटली, तर मानेचा वाटा आहे असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. वरच्या सांध्यांवर अंगठ्याने दाब दिल्यावर रुग्ण जेव्हा ‘हेच, हेच दुखते’ असे म्हणतो, तेव्हा त्या म्हणण्यालाही वजन असते. नुसते ‘दुखते’ म्हणण्याला तेवढे नसते, कारण मायग्रेनच्या रुग्णाची मानही दाबल्यावर दुखतेच.

एक प्रश्न इथे राहून जाता कामा नये, तो गोळ्यांचा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि दोन-तीन औषधे एकत्र असलेली गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली गेली, तर ती गोळीच डोकेदुखी चालू ठेवू शकते. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांचा हिशेब रुग्ण स्वतःहून देत नाही. तो विचारून घ्यावा लागतो.

निदान बऱ्याचदा पहिल्या भेटीत पुरे होत नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०० रुग्णांच्या एका चाचणीत, मानेच्या खोल स्नायूंचे हलक्या ताकदीचे व्यायाम आणि हाताने केलेले उपचार यांचा सहा आठवड्यांचा कार्यक्रम मानेच्या डोकेदुखीवर लागू पडला आणि त्याचा फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. असा कार्यक्रम नीट पार पडल्यावर मान मोकळी झाली आणि डोकेदुखीचे दिवसही कमी झाले, तर वरच्या निकषांपैकी एक पूर्ण होतो. मान मोकळी होऊनही डोकेदुखी किंवा चक्कर तशीच राहिली, तर व्यायाम वाढवण्याऐवजी कान आणि मायग्रेन यांच्याकडे परत वळावे लागते. त्यासाठी मधल्या काळात रुग्णाने डोके कोणत्या दिवशी दुखले, चक्कर कशाने सुरू झाली, ती किती वेळ टिकली आणि किती गोळ्या घेतल्या, हे साध्या वहीत लिहून ठेवलेले असले, तर पुढच्या भेटीत ती वही एमआरआयच्या पाकिटाच्या आधी उघडली जाते.